मधला मुक्काम

(दृश्य : काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर)

जुलै २०१५. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातलं लेबनन. तिथल्या किल्टन सार्वजनिक वाचनालयानं आपल्या इंटरनेटमधला थोडा वाटा टॉरला, म्हणजे कोण काय बघतंय हे लपवणाऱ्या नेटवर्कला दिला. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं वाचनालय. कुणी कुठलं पुस्तक नेलं हे बाहेर सांगायचं नाही, हा ग्रंथपालांचा जुना शिरस्ता; त्यांनी तो फक्त तारेपर्यंत नेला.

तिथलं चित्रीकरण आमच्याकडे नाही. समोर दिसतोय तो आमचा भाड्याचा सर्व्हर. काम मात्र तेच.

(दृश्य : फाइल उघडते)

टॉर टाकून झालंय. ही त्याची सेटिंगची फाइल, टॉरआरसी. वर नोडचं नाव; नोड म्हणजे टॉरचा मजकूर पुढे सरकवणारा सर्व्हर. खाली ओआरपोर्ट ९००१, बाकीचे नोड याच दारानं येणार. आणि ही ओळ नीट बघा : एक्झिट रिले, शून्य. म्हणजे मजकूर टॉरच्या बाहेर सोडणारा शेवटचा नोड आपण नाही; सध्या तरी मधलेच. पाठवणारा मजकुराला तीन कुलपं लावतो, प्रत्येक नोड आपल्यापुरतं एक उघडतो. आपल्याला कळतं ते इतकंच, की मागून कोणत्या नोडनं दिलं आणि पुढे कोणत्या नोडला द्यायचं.

सेव्ह. रीस्टार्ट. लॉग सरकतोय... पोर्ट बाहेरून सापडतोय, आणि पुढे चक्क शेरा : ‘एक्सलंट’. मशीनकडून शाबासकी!

(दृश्य : वाचनालयाचा नकाशा)

सप्टेंबरपर्यंत बोस्टनहून होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या माणसाचा ईमेल, पोलिसांची वाचनालयाला भेट, तिथला नोड बंद; १५ तारखेच्या बैठकीत गावकरी बाजूनं बोलले, नोड पुन्हा सुरू. गुन्हेगारही टॉर वापरतात, हा आक्षेप तेव्हाही होता.

(दृश्य : पुन्हा फाइल)

आता हिडन सर्व्हिस, म्हणजे फक्त टॉरमधूनच उघडणारी, आपला ठावठिकाणा न सांगणारी वेबसाइट. दोनच ओळी : किल्ल्या ठेवायचा फोल्डर आणि आतल्या वेबसर्व्हरचं पोर्ट ८०. फायरवॉलमध्ये नवं भोक पाडायचं नाही, कारण टॉर आतूनच बाहेर जातो. पुन्हा रीस्टार्ट, आणि फोल्डरमध्ये होस्टनेम नावाची फाइल तयार. आत ५६ अक्षरांचा पत्ता, पुढे डॉट ओनियन. हा पत्ता कुठल्या कचेरीनं दिलेला नाही, तो किल्लीतूनच निघालाय. शेवटचं अक्षर ‘डी’. आजच्या प्रत्येक ओनियन पत्त्याचं तेच असतं.

(दृश्य : टॉर ब्राउझर, गोल फिरणारं चिन्ह)

पान उघडायला वेळ लागतोय. सहा मुक्काम करून येतंय ते. तीन आपण निवडलेले, तीन त्या सर्व्हरनं.

(पान उघडतं. आवाज नाही.)