डब्यावरचं चित्र विसरा, ट्रॅक बघा : घरासाठी छोटा स्लॉट कार सेट

(कॅमेऱ्यासमोर, तळहातावर छोटी गाडी)

नमस्कार मंडळी! ही स्लॉट कार बघा, म्हणजे ट्रॅकच्या खाचेतून विजेवर पळणारी गाडी. जेमतेम बोटाएवढी. हिला उलटी करतो. पुढे ही बारीक पिन आहे ना, ती ट्रॅकच्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज येते, आणि गाडीखालच्या या दोन पत्र्या ती मोटरला पोचवतात. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. तुमच्या हातात फक्त एक ट्रिगर. वळणाआधी तो सोडला नाही, की गाडी थेट सोफ्याखाली.

सेट घ्यायला गेलं की आपण काय बघतो? डब्यावरचं चित्र. कुठल्या गाड्या, किती गाड्या, आणि तो उलटा गोल मारणारा लूप आहे का. मी पण तेच केलं होतं. आज माझं मत असं आहे की गाड्या नंतर येतच राहतात, पहिल्या दिवशी तुम्ही निवडता तो ट्रॅक. कारण एका कंपनीच्या ट्रॅकचा तुकडा दुसऱ्या कंपनीच्या तुकड्याला सहसा जुळतच नाही. एकदा घेतला की त्याच घराण्यात राहायचं.

आता आकार. स्केलेक्स्ट्रिक हे नाव ऐकलं असेल. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी चावीच्या गाड्यांना विजेवर आणलं आणि 1957 साली हा खेळ बाजारात आला. त्यांच्या नेहमीच्या गाड्या 1:32 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या. देखण्या, पण त्यांना हॉल लागतो, आणि हॉलमध्ये आईचा सोफा असतो. मधलं माप 1:43, म्हणजे करेरा गो वगैरे. पाच-सहा वर्षांच्या पोराला गाडी स्वतः खाचेत बसवता यावी असं वाटत असेल, तर हे बरं.

आणि सगळ्यांत छोटं माप, एचओ. रेल्वेच्या मॉडेलमध्ये एचओ म्हणजे 1:87, पण स्लॉट कारवाले हेच नाव साधारण 1:64 च्या गाड्यांना लावतात, तेव्हा गोंधळू नका. एएफएक्स, मायक्रो स्केलेक्स्ट्रिक ही त्यातली नावं. वन बीएचकेत राहणाऱ्यांनी सरळ इकडे वळावं. सुताराकडून प्लायवूडची आठ बाय चार फुटांची एक फळी आणा, तिच्यावर एचओचा चांगला नागमोडी ट्रॅक बसतो. खेळ झाला की फळी कपाटामागे उभी. एचओची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या एचओ ट्रॅकवरही पळते, ही जमेची बाजू. फक्त ट्रॅकला ट्रॅक जुळत नाही.

(ट्रॅककडे जातो)

वळणं बघा. डब्यात सगळी वळणं याच घट्ट मापाची असतील, तर गाडी सारखी उडणार आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळणार. मोठ्या त्रिज्येची वळणं सुटी मिळतात का, हे आधी विचारा. लूपबद्दल माझं मत कडू आहे: तिथे ट्रिगर पूर्ण दाबूनच जायचं असतं, म्हणजे चालवायचं काही उरतच नाही.

साधा लंबगोल लावलात तर बाहेरच्या लेनवाला दर फेरीला जास्त अंतर कापतो. दोन खाचांत 38 मिलिमीटर अंतर असेल, तर फरक जवळजवळ 24 सेंटिमीटरचा. भावंडांत भांडण लावायला एवढं पुरे! इंग्रजी आठाच्या आकारात लावा, आतला बाहेर येतो, बाहेरचा आत जातो, हिशोब फिटतो.

दुसरं भांडण विजेचं. स्वस्त सेटमध्ये दोन्ही लेनना मिळून एकच छोटा अडॅप्टर असतो. एक गाडी घसरली की तिच्या वाटची वीज दुसरीला मिळते, ती अचानक सुसाट सुटते, आणि तीही उडते. मग ‘तूच केलंस’ सुरू. सेलवर चालणारे सेट मी सुचवणार नाही. सेल उतरले की शर्यतीची बैलगाडी होते.

अडॅप्टरवरून आठवलं. माझ्या आतेभावाने अमेरिकेहून सेट आणला. मी पिन बदलायचा कन्व्हर्टर लावून बटण दाबलं, फट्‌ झालं आणि जळका वास. तिकडची वीज 120 व्होल्ट, आपली 230. कन्व्हर्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट नाही! अडॅप्टरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. तिथे 100 ते 240, किंवा आपले 230 व्होल्ट ज्यात बसतात असा आकडा दिसला, तरच भिंतीत खुपसा.

लोहचुंबकाचंही सांगतो. गाडीखालचा चुंबक ट्रॅकच्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवतो, म्हणून ती वळणावर चिकटते. नवख्याला मदत होते. पण चुंबक फारच जोरदार असेल, तर ट्रिगर सोडायची गरजच राहत नाही, आणि सगळी मजा तर त्या सोडण्यातच आहे. आणि हो, घरात रांगतं पोर असेल तर थांबा. हे चुंबक पोटात गेले तर थेट डॉक्टर.

पोलादी पट्ट्या म्हणजे पावसाळ्यात गंज. मुंबई-कोकणवाल्यांनो, खेळण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पट्ट्या पुसा, सुकू द्या, मग वीज सुरू करा. ॲक्सलला, म्हणजे चाकांच्या दांडीला, शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब. खोबरेल नको! थंडीत ते गोठतं, आणि गाडीही गोठते.

(दाराकडे बघत)

आलो रे! मंडळी, भाचा कंट्रोलर घेऊन बसलाय, आणि त्याने आतली लेन आधीच बळकावली आहे.