डाग मोठा, मग उद्रेक कुठे?

ऑक्टोबर २०१४. सूर्यावर २४ वर्षांतला सर्वांत मोठा डागांचा समूह. क्रमांक १२१९२, रुंदी जवळजवळ गुरू ग्रहाएवढी. त्यातून सर्वांत प्रखर, म्हणजे एक्स वर्गाच्या, सहा सौरज्वाला भडकल्या. पण एकीनंही अवकाशात द्रव्य भिरकावलं नाही.

मे २०२४. समूह १३६६४. यानं मात्र तप्त द्रव्याचे लोट एकामागून एक फेकले. १० मे रोजी ते पृथ्वीवर धडकले आणि वीस वर्षांतलं सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ उठलं. लडाखमध्ये, हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल झालेलं आकाश टिपलं.

दोन्ही डाग अवाढव्य. मग असं का?

सूर्य घन नाही, तो प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा गोळा आहे. विषुववृत्ताजवळ तो सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो, ध्रुवांजवळ जवळपास ३५ दिवसांत. प्लाझ्मासोबत चुंबकीय बलरेषाही ओढल्या जातात, ताणल्या जातात. त्यांच्या जुड्या पृष्ठभाग फोडून वर येतात, तिथे आतली उष्णता अडते आणि डाग दिसतो.

खाली प्लाझ्मा खळबळत असतो. बलरेषांचे पाय सरकतात, जुडीला पीळ बसत जातो. सुंभ पिळतच राहिलं की तो उसळून स्वतःभोवती वेटोळं घालतो. ही जुडीही तशीच उसळते. विरुद्ध दिशांच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्यानं जोडल्या जातात. पिळात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. हीच सौरज्वाला.

जुडी सुटेल की नाही, हे मात्र वरच्या कमानी ठरवतात. तिच्यावरही बलरेषांचंच छत असतं. २०१४ मध्ये ते उंचावरसुद्धा भक्कम होतं. उसळी आतच जिरली. २०२४ मध्ये खालून नवं चुंबकीय क्षेत्र वर येतच राहिलं, विरुद्ध चुंबकीय ध्रुवांचे डाग एकमेकांत घुसले, आणि जुड्यांना वाट मिळाली. म्हणून डागाच्या नुसत्या आकारावरून धोका जोखणं मला अपुरं वाटतं. पीळ किती आणि छत किती घट्ट, हे पाहायला हवं.

अडचण इथेच आहे. पृष्ठभागावरचं क्षेत्र आपण रोज मोजतो. वरच्या विरळ वातावरणातलं, म्हणजे प्रभामंडलातलं, थेट मोजणं फार कठीण. ते बहुतेक वेळा खालच्या मोजणीवरून गणितानं काढावं लागतं. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत घडलेली, आदित्य-एल१ या भारतीय सौरयानावरची ‘सूट’ दुर्बीण या दोहोंमधला थर अतिनील प्रकाशात पाहते आहे. ज्वाला पेटताना तिथे आधी काय हलतं, ते त्या चित्रांमध्ये शोधलं जात आहे.