विसावी रात्र

(दृश्य: धर्मशाळेचा व्हरांडा, रात्रीचा एकच दिवा)

रात्रीचे अडीच वाजलेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा. उद्या परळला टाटा हॉस्पिटलमध्ये आईची चौथी केमो. ती जागी आहे. मीही जागीच आहे, हे तिला कळतंय. दोघी गप्प.

केमो दर २१ दिवसांनी. पहिला आठवडा फार वाईट जातो. मग तोंडाला चव येते, आई पिठलं-भाकरी मागते. आणि विसाव्या दिवशी तिचं बोलणंच थांबतं.

त्या दिवशी रक्त तपासायचं असतं. ‘काउंट’ बघतात. पांढऱ्या पेशी कमी भरल्या तर केमो पुढे ढकलतात. रिपोर्ट येईपर्यंत आई देवाला काय मागत असेल? एकदा मला म्हणाली, “काउंट कमी यावा असं वाटतं गं. आणि तसं वाटलं की स्वतःचा राग येतो.” या दोन वाक्यांवर मी अजून उत्तर शोधते आहे. तेव्हा फक्त तिचा हात धरला होता.

(दृश्य: टॅक्सीच्या खिडकीतून सकाळचा रस्ता)

तिसऱ्या वेळी टॅक्सी हॉस्पिटलच्या गल्लीत वळली आणि आईला उलटी झाली. औषध तर अजून अंगात गेलंही नव्हतं. ती ओशाळली. “मी नाटक नाही करत गं.”

नाटक नव्हतंच. स्पिरिटचा वास, ते लाल औषध, गल्लीचं वळण: हे सगळं शरीरानं मळमळीशी जोडून ठेवलं होतं. अशी आधीच सुरू झालेली मळमळ उलटीच्या नेहमीच्या गोळ्यांना फारशी दाद देत नाही. म्हणून पहिल्या केमोपासूनच उलटी आटोक्यात ठेवणं महत्त्वाचं. ती सोसून घरी जायची गोष्ट नाही, डॉक्टरांना सांगायची आहे. आम्ही उशिरा सांगितलं. त्यांनी आदल्या रात्रीसाठी भीती कमी करणारी सौम्य गोळी दिली, समुपदेशकाकडे पाठवलं. केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ खाऊ नका, हेही तिथंच कळलं. जीभ पुढे त्याच पदार्थाला बिचकते. आईचं पिठलं तेवढ्यानं वाचलं.

समुपदेशकताईंनी श्वास सावकाश सोडायला शिकवला. आईला ते मोजणं जमेना. मग तिला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. ओवी म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो.

(दृश्य: केमोचा वॉर्ड, सलाईनचा स्टँड)

आज ती स्वतःहून म्हणाली, “सिस्टर, मला भीती वाटते. सुई लावताना आधी सांगा. आणि ते लाल औषध माझ्या नजरेसमोर नको.”

सिस्टरनी स्टँड मागे सरकवला. “आता लावते हं, मावशी.”

आईनं तोंड माझ्याकडे वळवलं, डोळे मिटले. पहिली ओळ ती म्हणाली. दुसऱ्या ओळीला मी सूर धरला.