देव विष्णुपदावर गेलाय

(दृश्य : गोपाळपूर रस्ता. रिकामी दर्शनबारी. एक शेळी लोखंडी नळीला अंग घासते आहे.)

हे पंढरपूरचं पत्राशेड, दर्शनाच्या रांगेचं. कार्तिकीच्या गर्दीत इथं बारीला लागलेल्या माणसाला विठ्ठलाच्या पायांपर्यंत पोचायला कित्येक तास लागतात. आज बारीत एक शेळी आहे. तिला कुठंच पोचायचं नाही.

दिंड्या गेल्या. वाखरीचा जनावरांचा बाजार उठला. नदीपलीकडच्या 65 एकरातल्या राहुट्या निघाल्या, चुलींचे तीन-तीन दगड तेवढे जागोजागी राहिलेत. मार्गशीर्ष लागलाय.

पंढरपूरला वर्षात चार यात्रा भरतात : चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी. आमच्यासारखे कॅमेरेवाले मात्र येतात एकदाच, आषाढीला. रिंगण टिपायचं, टाळ टिपायचे, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी आजी टिपायची, की निघालो. यंदा ठरवून उशिरा आलो. स्टँडवरच्या रिक्षावाल्याला वाटलं, आम्ही तारीख चुकलो.

(दृश्य : पहाट. महाद्वार. झाडू मारणारे हात.)

यात्रेच्या काळात देवाला झोप नसते. हे लाक्षणिक अर्थानं नाही. यात्रेच्या तोंडावर शेजघरातला पलंग खरोखर काढून ठेवतात. रोजचे राजोपचार थांबतात आणि दर्शन चोवीस तास सुरू होतं. इतके दिवस उभं राहायचं, पाठीला काहीतरी टेकू हवा, म्हणून विठ्ठलाच्या मागं कापसाचा लोड ठेवतात आणि रुक्मिणीच्या मागं तक्क्या. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. त्या दिवशी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्यानं न्हाऊ घालतात आणि रात्री शिणवटा जावा म्हणून काढा देतात. पलंग जागेवर येतो. मूर्तीच्या पायांवर लिंबू-साखर चोळण्याचं सुचलं कुणाला असेल? लांबून चालत आलेल्या पाहुण्याचे पाय ज्या घरात चोळले जातात, तिथंच ते सुचू शकतं.

देव मोकळा झाला, तसं गावही.

प्रदक्षिणा मार्गावर राहणाऱ्या एक काकू सांगत होत्या, "यात्रेत खाली सगळी माणसं उतरलेली असत्यात, आम्ही माळ्यावर. मोरीला जायचं तरी वाट काढत जायचं. आता कसं, आपलं घर आपल्याला मिळालं." यात्रेत देवाला जाता का, असं विचारलं तर हसल्या. "छे! कळसाला हात जोडायचे. ती माणसं लांबनं आलेली, आपण काय, हितलंच."

(दृश्य : मंदिराभोवतीची दुकानं. अर्ध्या उघड्या फळ्या.)

बुक्का, अष्टगंध, कुंकवाच्या राशी, बत्तासे, चुरमुरे. दुकानदार निवांत आहेत, पण रिकामे नाहीत. एकीकडं उधारीची वही उघडलीय. दुसरीकडं सादळलेले चुरमुरे पुन्हा कढईत परतून कुरकुरीत करणं चाललंय.

गल्लीच्या टोकाला तुळशीच्या माळा करणारं एक घर आहे. वाळलेली तुळशीची काडी, करंगळीपेक्षा बारीक. ती मोटारीवर फिरवायची, पटाशी टेकवायची, की भुसा उडतो आणि काडीवर एकामागून एक मणी उमटत जातात. मग तुकडे करायचे, भोकं पाडायची, ओवायचं. एका माळेला एकशे आठ मणी. कारागिराच्या मनगटापर्यंत भुरका भुसा चिकटलेला आणि खोलीभर तुळशीचा कोरडा वास. हा सगळा माल माघीसाठी. माळ गळ्यात पडली की माणूस माळकरी होतो, वारी त्याच्या मागं लागते. म्हणजे पुढच्या यात्रेची गर्दी आत्ता या खोलीत ओवली जातेय, असं म्हणायला हरकत नाही.

(दृश्य : महाद्वार, समोरून.)

गर्दीत जे दिसत नाही, ते आता दिसतं. ही नामदेवांची पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. लोकांनी मात्र त्यांचं ऐकलेलं नाही. पायरीवर कुणी पाय देत नाही, सगळे डोकं टेकतात.

आणि ही समोर चोखोबांची समाधी. यात्रेत इथं थांबायला गेलं तर मागचा लोंढाच पुढं ढकलतो. आज मी समाधीपासून पायरीपर्यंत चालून पाहिलं. पावलं मोजायला सुरुवात केली आणि मोजण्याआधीच पायरी आली. एवढंच अंतर. चोखोबांना ते कधी ओलांडू दिलं नाही. त्यांच्यानंतर सहा शतकांनी, 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी इथं तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा कुठं दलितांसाठी हे दार उघडलं.

आत दर्शनाला फार वेळ लागला नाही. पायांवर डोकं ठेवता येतं, हे या देवाचं वेगळेपण. इतकी डोकी टेकतात की पाषाण झिजतो, म्हणून 2020 साली मूर्तीला वज्रलेप केला होता. यात्रेत इथं निमिषभर मिळतं. आज कपाळाला दगडाचा गारवा जाणवेपर्यंत थांबता आलं. मागून "चला माउली" आलंच, पण सावकाश.

गंमत अशी, की गावकऱ्यांना विचाराल तर देव सध्या इथं नाहीच.

(दृश्य : चंद्रभागा. होडी. पाण्यावर धुकं.)

कार्तिक वद्यात तो ज्ञानोबांच्या समाधी सोहळ्याला आळंदीला जातो, नामदेवांच्या पालखीबरोबर. आणि मार्गशीर्षभर त्याचा मुक्काम असतो नदीतल्या विष्णुपदावर. कथा अशी : रुसलेल्या रुक्मिणीला शोधत कृष्ण दिंडीरवनात आला, गाई-गोपाळांसह इथं थांबला, काला केला. खडकावर त्याची पावलं दाखवतात, गाईंच्या खुरांच्या खुणा दाखवतात. मग आत्ता मंदिरात आपण पाया पडलो ते कोणाच्या? होडीवाल्याला विचारलं. त्यानं वल्हं न थांबवता सांगितलं, "दोन्हीकडं हाय की. त्याला काय होडी लागती व्हय?"

यात्रेत याच्या होडीत बसायला जागा मिळत नाही. आज आम्ही दोघं, एक सायकल आणि डबे घेतलेल्या सहा बायका. "यात्रेत नुसती डोकी दिसत्यात," तो म्हणाला, "तोंडं आता दिसाय लागली."

(दृश्य : विष्णुपद. दगडी मंडप, खाली पाणी.)

मार्गशीर्षात पंढरपूरकर इथं वनभोजनाला येतात. देवाला दोन दिवस सुट्टी मिळाल्यावर घरच्यांनी डबा घेऊन भेटायला जावं, तसं. पावलांवर गुलाल-बुक्का वाहून झाला की मंडपात, काठावर, जागा मिळेल तिथं चटया पडतात. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगाचटणी, दही. पोरं खडकांवरून पळतात. कुणीतरी अभंग सुरू करतं, टाळ नसल्यामुळं डब्याच्या झाकणावर ठेका धरतं आणि दुसऱ्याच कडव्यापाशी शब्द विसरून सगळ्या हसतात.

आमच्या होडीतल्या आजींनी हाक मारून बसवून घेतलं. पानात भाकरी टाकली, वर भरीत. कुठले, म्हणून विचारलं. पुण्याहून आलो, म्हणालो.

"आत्ता व्हय?" आजींचा चेहरा खरंच उतरला. "म्हंजी यात्रा चुकली की रं तुमची!"

आणि माझी समजूत काढावी तशी त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.