मॅथ्यू लायनचं एक मत

मित्रहो, अमेरिकेच्या इतिहासात मॅथ्यू लायनला जागा मिळालीच तर एका ओळीची मिळते: भर सभागृहात थुंकलेला प्रतिनिधी. माझं भांडण त्या ओळीशी आहे. १८०१ साली जेफरसन अध्यक्ष झाला त्यात लायनचा वाटा काय, हे आज मांडायचं आहे. पण थुंकण्याचं प्रकरण ऐकल्याशिवाय तुम्ही काही मला पुढे जाऊ देणार नाही!

लायन मूळचा आयर्लंडचा. जहाजाचं भाडं द्यायला पैसे नव्हते, म्हणून राबून फेडण्याच्या करारावर १७६४मध्ये पोरवयातच अमेरिकेत आला. तो करार पुढे बैलांच्या मोबदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला. 'मला सोडवणाऱ्या बैलांची शपथ' असं तो नंतर अभिमानाने म्हणे. व्हरमाँटमध्ये त्याने फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाचा कारखाना काढला, झाडाच्या सालीपासून कागद केला आणि १७९७मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, पोचला. तो जेफरसनच्या पक्षाचा; विरोधी पक्षातल्या घरंदाज फेडरलिस्टांना तो डोळ्यासमोर नकोसा झाला.

३० जानेवारी १७९८, तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया. कनेटिकटचे प्रतिनिधी आपल्याच मतदारांच्या मनाविरुद्ध वागतात, असं लायन सभापतींजवळ उभा राहून बोलत होता. कनेटिकटच्याच रॉजर ग्रिस्वोल्डने विचारलं, 'तिथे येऊन लाकडी तलवारीने लढणार का?' लाकडी तलवार म्हणजे भित्रेपणाचा टोमणा, आणि हा घाव जुना होता. १७७६मध्ये लायनची तुकडी चौकी सोडून निघून आली, त्याबद्दल त्याला बडतर्फ केलं होतं. चौकी सोडायला आपला विरोध होता, हे तो जन्मभर सांगत राहिला. ग्रिस्वोल्डने दंडावर हात ठेवून तेच पुन्हा विचारलं, तेव्हा लायन त्याच्या तोंडावर थुंकला. हकालपट्टीच्या बाजूने ५२ मतं पडली, विरोधात ४४. दोन-तृतीयांश लागत होती, म्हणून तो वाचला. १५ फेब्रुवारीला ग्रिस्वोल्डने त्याला सभागृहातच काठीने झोडपलं आणि लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. व्यंगचित्रकारांनी नेमका तोच क्षण पकडला.

खरी गोष्ट त्यानंतरची. १४ जुलै १७९८ला राजद्रोहाचा कायदा आला: सरकारविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. फेडरलिस्ट अध्यक्ष अ‍ॅडम्सच्या कारभारात डामडौलाची हाव दिसते, असं लायनने पत्रात लिहिलं होतं. पत्र कायद्याआधीचं, २० जूनचं. छापून आलं कायद्यानंतर. न्यायमूर्ती पॅटरसनने चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड ठोठावला, वर खटल्याच्या खर्चाचे ६०.९६ डॉलर. व्हर्जेनीसच्या तुरुंगात सोळा बाय बारा फुटांची कोठडी, खिडकीला गज होते पण काच नव्हती, आणि व्हरमाँटची थंडी! सप्टेंबरच्या निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती, म्हणून डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली. लायन ती कोठडीतूनच लढला आणि जिंकला. (दंडाची रक्कम काँग्रेसने १८४०मध्ये त्याच्या वारसांना व्याजासह परत केली, तोवर त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती.)

वेळ संपत आली, तेव्हा मुख्य मुद्दा भराभर सांगतो. १८००च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा बर या दोघांनाही निर्वाचकांची ७३ मतं पडली. निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. राज्यं सोळा, जिंकायला नऊ हवीत. जेफरसनकडे आठ; त्याला अडवायला फेडरलिस्टांनी धरलेल्या बरकडे सहा. मेरीलँड आणि व्हरमाँट दुभंगलेली. व्हरमाँटचे प्रतिनिधी दोनच: लायन जेफरसनचा, फेडरलिस्ट लुइस मॉरिस बरचा. म्हणून राज्याचं मत शून्य. ३५ फेऱ्या असंच चाललं.

श्रेय सगळे डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट बेयर्ड याला देतात, कारण कोंडी फोडायचं त्याने ठरवलं. पण १७ फेब्रुवारी १८०१ला, ३६व्या फेरीत, प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. मॉरिस मतदानापासून दूर राहिला, लायन एकटा उरला आणि व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. नववं राज्य तेच. मेरीलँडच्या फेडरलिस्टांनी कोरी मतं टाकली, ते दहावं. खुद्द बेयर्डचं डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायना कोरीच राहिली. निकाल दहा विरुद्ध चार. मॉरिसच्या बाजूला होण्याने राज्य मिळालं, कारण दुसरं मत जेफरसनचं होतं. आणि ते मत तिथे होतं, कारण व्हरमाँटच्या मतदारांनी एका कैद्याला निवडून दिलं होतं.