क्लाउड अकाउंटिंग सॉफ्टवेअर घेताय? डेमोच्या आधी सीएला फोन करा

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार. "दुकानासाठी झोहो बुक्स घेऊ, 'व्यापार' ॲप घेऊ, की टॅलीच बरं?" हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे. तुमचे सीए काय वापरतात? आणि तुमचा डेटा त्यांना कशात लागतो?

बहुतेकांनी हे विचारलेलंच नसतं. आपल्याकडे सीएच्या किंवा टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात शिरलात की समोर टॅलीच उघडी दिसते. तुम्ही मोबाईलवर सुंदर बिलं काढाल, पण ती टॅलीत जात नसतील तर त्यांच्याकडचा मुलगा बसून एकेक बिल पुन्हा टाईप करणार. चुका वाढतात, आणि त्या कामाचे पैसेही तुमच्याकडूनच जातात. म्हणून आधी फोन. "साहेब, मी हे घेतोय, तुम्हाला लॉगिन दिलं तर थेट त्यात काम कराल का? नाहीतर फाईल कुठल्या प्रकारची हवी?" सीए सरळ नाही म्हणाले, तर दोनच वाटा: सॉफ्टवेअर बदला, नाहीतर सीए. माझं मत विचाराल तर जीएसटीची रिटर्न वेळेवर भरणारा सीए सॉफ्टवेअरसाठी सोडू नका.

आता 'क्लाउड', म्हणजे डेटा इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवणारं, म्हणून बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, झोहो बुक्ससारखं, ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये चालणारं. दुसरी, 'टॅली ऑन क्लाउड'. यात टॅली तीच, फक्त ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर बसवलेली असते. आपलाच कॉम्प्युटर भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवावा तशी. ते वाईट नाही. पण टॅलीच्या लायसनचे पैसे वेगळे आणि सर्व्हरचं भाडं वेगळं, हे समजून सही करा.

[स्क्रीनवर: एक बिल]

डेमोबद्दल. कंपनीचा माणूस तुम्हाला एक वस्तू, एक दर, एक गिऱ्हाईक असं गोड बिल काढून दाखवेल. ते कुठलंही सॉफ्टवेअर काढतं. तुम्ही तुमची सगळ्यात किचकट बिलं घेऊन बसा.

समजा, कोल्हापुरात तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सिमेंट, पेंट, पाइप. पहिलं बिल: कागल ओलांडून निपाणीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे तुमच्या टेम्पोतून गेलेला माल. निपाणी कर्नाटकात, म्हणजे आयजीएसटी, दुसऱ्या राज्यात विकल्यावर लागणारा जीएसटी, लागला पाहिजे. पार्टीचा जीएसटी नंबर टाकल्यावर सॉफ्टवेअरनं ते स्वतः ओळखलं का? ई-वे बिलाचंही बघा, म्हणजे माल गाडीतून नेताना पोर्टलवर काढायच्या कागदाचं. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. बिलातूनच ई-वे बिल निघतं, की पोर्टलवर जाऊन सगळं परत भरायचं?

दुसरं बिल जास्त मजेशीर आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. त्या आधीच्या बिलातला माल नंतर परत आला, तर क्रेडिट नोट, म्हणजे त्या मालाचे पैसे वजा करणारी चिठ्ठी, कुठल्या दरानं काढायची? मूळ बिलाच्या, म्हणजे २८ टक्क्यांनी. काही सॉफ्टवेअरमध्ये दर आयटमला चिकटलेला असतो. आयटमचा दर बदललात की क्रेडिट नोटही नव्या दरानं निघते आणि हिशेब जुळत नाही. आज हे जुनं प्रकरण वाटेल, पण दर पुन्हा बदलणार नाहीत असं कोण सांगणार? तेव्हा जुन्या तारखेचं बिल टाका, त्यावर आजच्या तारखेची क्रेडिट नोट काढा आणि काय होतं ते बघा. डेमोवाला इथे थोडा थांबतो, असा अनुभव आहे.

तिसरं, एक बिल रद्द करून दाखवायला सांगा. बिलांचे नंबर सलग लागतात, सोळा अक्षरांच्या आत. बिल पूर्ण डिलीट होऊन मधला नंबर गायब होत असेल तर नको. 'कॅन्सल' असा शिक्का राहिला पाहिजे.

खरेदीची बाजू लोक विसरतात. व्यापाऱ्यानं तुम्हाला पक्कं बिल दिलं, पण त्याच्या रिटर्नमध्ये ते दाखवलंच नाही, तर त्या करापोटी मिळणारी वजावट तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत, येत नाही आणि तुम्हाला घेता येत नाही. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना २बी साधारण १४ तारखेला दिसतो, ३बी, म्हणजे कर भरायची रिटर्न, तिची मुदत २० तारीख. तिमाहीवाल्यांच्या तारखा वेगळ्या. या पाच-सहा दिवसांत तुमची खरेदी आणि २बी समोरासमोर ठेवून कुठलं बिल आलं नाही ते दाखवणारं सॉफ्टवेअर हवं, म्हणजे त्या पार्टीला फोन करून "माझं बिल चढवा" म्हणता येतं. सगळ्या झगमगीत फीचर्समध्ये थेट पैसे वाचवणारं हे एकच, असं मी म्हणेन.

बँक जोडणीचं आणखी एक. जाहिरातीत म्हणतात, बँकेच्या नोंदी आपोआप येतात. मोठ्या बँकांच्या येतातही. पण आपल्याकडे कितीतरी दुकानांची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं कर्जखातं, गावातल्या नागरी सहकारी बँकेत असते, आणि ती यादीत सापडेलच असं नाही. मग स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेऊन चढवायचं. तुमच्या बँकेचं एक खरं स्टेटमेंट ट्रायलमध्ये चढवून बघा, तारखांचे रकाने उलटेपालटे येतात का ते.

काउंटरवर लाईनीत गिऱ्हाईक असेल तर नेट गेल्यावर बिल निघतं का, तेही तपासा. व्यापारसारखी ॲप्स नेट नसताना चालतात, निव्वळ ब्राउझरवाली चालत नाहीत. ऑफिसातून महिन्याला वीस बिलं काढणाऱ्याला याचं काही वाटायचं कारण नाही.

[थोडं थांबून]

आता ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ केला ते. घेताना बाहेर पडायची वाट बघा.

इंट्यूट या अमेरिकन कंपनीचं क्विकबुक्स भारतातही जीएसटीसकट विकलं जायचं. नाव मोठं, सॉफ्टवेअर चांगलं. २०२२ मध्ये कंपनीनं ते भारतात बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये ते बंद झालं. डेटा काढून घ्यायला मुदत दिली होती, फसवणूक वगैरे काही नाही. पण ज्यांचे हिशेब त्यात होते त्यांना चालू धंद्यात घर बदलावं लागलं.

आणि जीएसटीचा कायदा तुमच्याकडून हिशेब मागतो तो वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ चे हिशेब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत दाखवता आले पाहिजेत, मग मधे तुम्ही वर्गणी बंद केलेली असो. म्हणून ट्रायलमध्येच सगळा डेटा बाहेर काढून बघा. पीडीएफचा ढीग उपयोगाचा नाही. लेजर (खातेवही), बिलांतल्या ओळी, एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), पार्टीचे नंबर, सगळं एक्सेलमध्ये यायला हवं. आणि विचारा, वर्गणी संपल्यावर निदान बघता तरी येईल का? उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं उत्तर सेल्समनबरोबर नोकरी बदलून जातं.

याच्याच जोडीला, खातं कोणाच्या ईमेलवर उघडलंय? कितीतरी ठिकाणी ते अकाउंटंटच्या वैयक्तिक जीमेलवर असतं, आणि तो सोडून गेला की मालक स्वतःच्याच हिशेबाबाहेर. मालकाचा ईमेल, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी, बाकीच्यांना मर्यादित लॉगिन.

किमतीबद्दल थोडक्यात: माणशी किती, बिलांची मर्यादा किती, आणि दुसऱ्या वर्षी किती. पहिल्या वर्षाची सवलत बघून ठरवू नका.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, ती बंद न करता येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मला ही सक्ती नाही, तरी असलेलं बरं. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठरावीक टक्क्यानं कर भरायच्या योजनेत असाल, तर कर न लावता 'बिल ऑफ सप्लाय' निघतं का एवढं बघा आणि महागाचं काही घेऊ नका.

बदल १ एप्रिलला करणं सोपं. पण मार्चअखेरचे आकडे ऑडिट होईपर्यंत हलतात, तेव्हा ओपनिंग बॅलन्स (सुरुवातीची शिल्लक) नंतर दुरुस्त करता येतो का ते विचारून ठेवा. उधारी टाकताना पार्टीची एकूण रक्कम टाकून मोकळे होऊ नका, बिलागणिक टाका. नाहीतर जूनमध्ये वसुलीला फोन केलात की समोरचा विचारणार, कुठल्या बिलाचे?