एकोणचाळीस शिलिंगांची चोरी

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या खटल्यात शिक्षा सुनावली गेली की ती कमी झाली की जास्त, यावर आपण हिरिरीने बोलतो. पण शिक्षा कमी-जास्त करण्याची मुभा न्यायाधीशाला मुळात मिळाली कशी, याचा विचार क्वचितच करतो.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरणाऱ्याला फाशी होती, आणि कायद्याने मधली वाट ठेवलेली नव्हती. घरातल्या वस्तूंपायी माणसाचा जीव घ्यायला ज्युरीत बसलेली साधी माणसे मात्र धजावत नसत. चोरी झाली, आरोपीनेच केली, हे मान्य करूनही ती मालाची किंमत ३९ शिलिंग ठरवीत आणि फास एका शिलिंगाने चुकवीत. माल त्याहून महाग आहे, हे अनेकदा सगळ्यांनाच दिसत असे. १८२७ मध्ये संसदेने ही मर्यादा पाच पौंडांवर, म्हणजे १०० शिलिंगांवर नेली, तेव्हा ज्युरीचे आकडेही ९९ शिलिंगांपर्यंत चढले! ही लबाडीच होती. तरी मला ती त्या कायद्याहून अधिक न्याय्य वाटते.

फ्रान्समध्ये क्रांतिकारकांचा रोष न्यायाधीशांच्या लहरीवर होता. म्हणून १७९१ च्या दंडसंहितेत त्यांनी गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा काटेकोर ठरवून टाकल्या. न्यायाधीशाने केवळ कलम वाचून दाखवायचे. हा ताठरपणा टिकला नाही. १८१० च्या संहितेने अनेक शिक्षांना किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा आखल्या. आज कायद्यात आपण ‘इतक्या वर्षांपर्यंत कारावास’ असे वाचतो, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द अशा अनुभवातून आलेला आहे.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३०३ होते: जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरा पर्याय नाही. तो खून कोणत्या परिस्थितीत घडला, हे विचारात घेऊन शिक्षा ठरवण्यास तेथे वावच नव्हता, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तोवर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र खटल्यांत एक नवा टप्पा आणलेला होता, जो तिच्या जागी आलेल्या संहितेतही कायम आहे: दोष सिद्ध झाल्यावर, शिक्षा सुनावण्यापूर्वी, न्यायाधीश आरोपीला उघड न्यायालयात विचारतो, “शिक्षेबाबत तुम्हाला काय सांगायचे आहे?”